माणिकताई घोरत नाहीत

मुलुंडच्या माणिक देवस्थळी घोरत नाहीत, हे त्या स्वतःच गेली वीसेक वर्षं सांगत आल्या होत्या. परराष्ट्र खात्यातली नोकरी, लग्न केलेलं नाही, दर तीन वर्षांनी नवा देश. त्यामुळे हरकत घ्यायला घरात कुणी नव्हतंच. सुट्टीवर आल्या की धाकटा भाऊ हर्षद काहीतरी पुटपुटायचा. पण तो स्वतःच असा घोरायचा की त्याची साक्ष कोण ग्राह्य धरणार?

सध्या त्या युरोपातल्या एका थंडगार राजधानीत, आपल्या वकिलातीत होत्या. सकाळी डोकं जड, दुपारी फायलीवर डुलकी, संध्याकाळी चिडचिड. डोकं थंडीमुळे, डुलकी हीटरमुळे आणि चिडचिड लोकांमुळे, अशी त्यांनी परस्पर वाटणी करून टाकली होती.

मग वकिलातीत हिंदी दिवस साजरा झाला. सूत्रसंचालन अर्थात माणिकताईंकडे. पदराला टाचलेला इवलासा माईक. पाहुणे प्राध्यापक व्याकरणावर बोलायला उभे राहिले आणि ताई पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. थोड्याच वेळात सभागृहात घरघर सुरू झाली. आधी बारीक, मग चढत चढत, मग एकदम बंद. सुटलो, असं लोकांना वाटतंय तोच स्पीकरमधून असा काही स्फोट झाला की प्राध्यापक दोन पावलं मागे सरले. साउंडवाला धावला. त्याने वायरी बदलल्या, स्पीकर थोपटला, शेवटी त्याची नजर पहिल्या रांगेकडे गेली आणि त्याने हळूच एक बटण बंद केलं.

त्या शांततेनेच ताई जाग्या झाल्या. सगळे आपल्याकडे बघताहेत म्हटल्यावर उठल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "ध्वनियंत्रणेत बिघाड आहे, क्षमस्व!"

दुसऱ्या दिवशी व्हिसा विभागातला नितेश चहा घेऊन आला. मानखुर्दचा मुलगा, वकिलातीत ताईंशी मराठीत बोलणारा एकटाच.

"ताई, रागावू नका. पण स्पीकर झकास होता."

ताईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"घोरण्याचं काही नाही हो," तो घाईघाईने म्हणाला, "मधेच तुमचा श्वासच थांबत होता. मी बाजूला बसलो होतो ना, माझी वाट लागली. माझ्या मामाला हेच होतं, स्लीप अ‍ॅप्निया. टेस्ट करून घ्या."

"मी घोरत नाही," ताई म्हणाल्या. आणि निव्वळ नितेशचं समाधान व्हावं म्हणून तपासणीची वेळ घेतली.

झोप तपासणाऱ्या दवाखान्यात रात्री त्यांच्या डोक्याला वायरी चिकटेनात. तंत्रज्ञ गोंधळला. लहानपणापासून नेमाने चोपडलेलं खोबरेल तेल हे त्यामागचं कारण त्याला समजावून सांगावं लागलं, आणि ताईंना केस धुवावे लागले. मग कपाळाला, छातीला, बोटाला वायरी लावून घेत त्या म्हणाल्या, "अशा अवतारात कुणाला झोप लागेल?" तो उत्तर द्यायच्या आत त्यांना लागली.

"झोपेत तुमचा घसा मिटतो," डॉक्टरीणबाईंनी नंतर सांगितलं. "श्वास अडतो, मेंदू धडपडून जाग आणतो. रात्रभर हेच. घरात आणखी कुणाला त्रास आहे?"

ताईंनी वडिलांबद्दल सांगितलं. बाबा घोरायचे. साठीच्या आतच झोपेत गेले. भाग्यवान माणूस, कसला त्रास नाही, असं सगळी सोसायटी म्हणाली होती. ते यामुळेच गेले का, हे आता नक्की सांगता येणार नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ताईंनी मग वाद न घालता झोपेत घसा उघडा ठेवणारं मशीन घेतलं.

नाकावर मास्क, त्याला लांब नळी, उशाशी हवा सोडणारं मशीन. सुरुवातीला रोज भांडण. मास्क नाकाला काचायचा, ताई तो भिरकावून द्यायच्या. मग वेगळ्या मापाचा मास्क मिळाला, आणि एका सकाळी डोकं इतकं हलकं वाटलं की ते जागेवर आहे ना, हे त्यांनी चाचपून पाहिलं. ऑफिसात चिडचिड कमी झाली. पण आता ताई दुपारीही जाग्या असत आणि प्रत्येक फायलीतली प्रत्येक चूक त्यांना दिसे. नितेशला आपल्या परोपकाराचा पश्चात्ताप झाला.

दिवाळीला ताई मुलुंडला आल्या. जेवण झालं आणि हर्षद सोफ्यावर आडवा होऊन घोरू लागला. ताई खुर्ची ओढून शेजारी बसल्या. आवाज चढला, थांबला. छाती हलेना. ताईंनी त्याला गदागदा हलवलं.

"काय गं ताई!"

"उठ. डॉक्टरकडे जायचंय."

"घोरतो म्हणून? आपल्या घरात सगळेच घोरतात."

"हो. बाबाही घोरायचे."

हर्षद उठून बसला. हळूच म्हणाला, "पण तू तर घोरत नाहीस ना?"

"घोरते. माईकवरून घोरते. चप्पल घाल."

त्याच्या तपासणीतही तेच निघालं, आणि ताई परत जायच्या आत त्याचंही मशीन घरी आलं. पहिले काही दिवस त्यानेही मास्क काढून फेकला. पण ज्या रात्री मास्क टिके, त्या रात्री घोरणं बंद असे. त्याची बायको अबोली, जी लेकीच्या अभ्यासाचं निमित्त सांगून कित्येक वर्षं हॉलमध्ये झोपत होती, ती एका रात्री उशी घेऊन बेडरूममध्ये परत आली. त्यानंतर मास्क काढायची त्याची काही हिंमत झाली नाही.