नवबहोरचं छत

भूकंपानंतर ताश्कंद नव्यानं उभं राहत होतं, तेव्हा ‘नवबहोर’ हॉटेलच्या दिवाणखान्याचं गिलाव्याचं छत हमदम उस्तानं, म्हणजे हमदम कारागिरानं, फुलापानांनी कोरलं. वय बावीस. पावणेदोन वर्षं मान वर. त्या फुलांखाली अंतराळवीर जेवले, अर्ध्या शहराची लग्नं लागली. सरकार गेलं, मालक बदलले, गालिचे बदलले. छत टिकलं.

गेल्या महिन्यात वरच्या मजल्यावर नळ फुटला आणि छताचा हातभर तुकडा खाली आला. व्यवस्थापक नोदिरनं छत झाकायला सपाट फळ्या मागवल्या. हे कळताच उस्ता, वय एकाहत्तर, हत्यारांची पिशवी घेऊन हजर झाला.

नोदिरनं चहा दिला. पियाला काठोकाठ, म्हणजे प्या आणि निघा.

“दोघा कारागिरांनी करून पाहिलं, उस्ता. बसवलं की ठिगळ दिसतं.”

“दिसणारच. दहा दिवस दे.”

“दहाच. अकराव्या दिवशी फळ्या ठोकणार.”

जिप्सम आणि पाण्याचा माल घट्ट होऊ लागला की पुन्हा ढवळायचा, त्याची आळण्याची घाई मरेपर्यंत. हात थांबला की माल वाया. उस्ताचा उजवा खांदा पेटला, तेव्हा त्यानं डाव्यानं ढवळलं. मग आळलेला तुकडा टेबलावर घेऊन कोरायला बसला. प्रत्येक पाकळी तिरपी, एका कडेला खोल.

आठव्या दिवशी नोदिर डोकावला. “फुलं वाकडी झालीत की. मोतीबिंदू काढून घ्या आधी.”

“तू टेबलाजवळून बघतोयस, उका, धाकट्या भावा. पाहुणा दारातून बघतो, तीस फूट खालून. सरळ कोरलेलं वर गेलं की मरतं.”

“बघू.”

दहाव्या दिवशी तुकडा बसला, सांधे भरले, परांची उतरली. नोदिर दारात उभा राहिला. झुंबराचे दिवे लावले. मग तो दिवाणखान्यात मान वर करून दोनदा फिरला. शेवटी बोट दाखवलं. “हा नवा.”

“तो जुना. बाविसाव्या वर्षी पानं घाईत कापली होती मी. तेवढा भाग वेगळा आहे, हे बरोबर ओळखलंस.”

नोदिरनं फळ्यांच्या ट्रकवाल्याला फोन केला. “परत घेऊन जा. सगळ्या.”

उस्ता हत्यारं पुसत होता. नोदिरनं स्वतः चहा ओतून दोन्ही हातांनी पियाला पुढं केला. त्यात जेमतेम दोन घोट होते.

“बसा, उस्ता. संपला की पुन्हा ओततो.”

उस्ता बसला. खांदा ठणकत होता. पियाला त्यानं डाव्या हातानं घेतला आणि मान वर केली.