टपरी नसलेलं बदनापूर स्टेशन

बदनापूर स्टेशनच्या बाहेर आमच्या वडिलांची चहाची टपरी होती. वडील गेल्यावर मोठ्या भावाने मला तिथून उठवलं. "तू गिऱ्हाइकावर ओरडतो. तुझ्यानं धंदा होणार न्हाई," असं चार लोकांसमोर म्हणाला. मी जाताना टपरीच्या पत्र्याला लाथ घातली. पुढे जालन्यात पंपाच्या सुट्या भागांचं दुकान टाकलं, घर बांधलं, पण ते वाक्य काही विसरलो नाही.

छोट्या रेल्वेचा नाद मला उशिरा लागला. वरच्या खोलीत प्लायवर रूळ आहेत, गाडी आहे. स्टेशनसाठी इमारतीचा प्लास्टिकचा संच मागवला तेव्हाच ठरवलं, बदनापूर करायचं, पण टपरी ठेवायची नाही. दादा बघेल आणि त्याला कळेल, उठवणं काय असतं ते.

खोकं उघडलं आणि मला दुकान सुचेना! भिंती, दारं, खिडक्या, सगळं बोटाबोटाएवढं. नेलकटरने एकेक भाग प्लास्टिकच्या चौकटीतून सोडवायचा, कड घासायची, सुईच्या टोकाने गोंद लावायचा, श्वासही बेताने घ्यायचा. इमारत परदेशी, बर्फासाठी उतरत्या छपराची. बदनापुरात कसला बर्फ? धुराडं उडवलं, छप्पर सपाट केलं. पहिल्या दोन भिंती काटकोनात उभ्या राहिल्या तेव्हा मी एकटाच ओरडलो, "वा रे पठ्ठ्या!"

रंगाच्या वेळी मात्र स्वभाव नडला. या कामाच्या खास रंगाची बाटली अंगठ्याएवढी, आणि भाव ऐकून माझं डोकंच फिरलं. मी बाजारातल्या रंगवाल्याशी भांडून ऑइलपेंट आणला, वर थिनर फुकट काढला. खुशीत थिनर घालून एक भिंत रंगवली, तर ती डोळ्यांदेखत मऊ पडली आणि तव्यावरच्या पापडासारखी वाकडीतिकडी झाली. मी ब्रश फेकून मारला.

"अहो, तुमचा सौदा वितळला," बायको दारातून म्हणाली.

मुकाट्याने खास रंग मागवला. भाव न करता घेतलेली ती माझी पहिली वस्तू. नवी भिंत कापून लावली, पिवळा हात दिला, खाली तांबडा पट्टा ओढला. स्टेशन असं उजळलं की मी लगेच दादाला बोलावणं धाडलं, आणि तो येईपर्यंत मला धीर धरवेना.

तो आला, वाकला, तिकीटखिडकीला डोळा लावला. "अरे, बिलकुल तेच! बाक पण बराबर!" मग त्याचं बोट बाहेरच्या रिकाम्या जागेवर थांबलं. "टपरी कुठंय?"

"न्हाई."

"न्हाई म्हंजे?"

"उठवली."

त्याचा चेहरा उतरला. हेच मला हवं होतं, पण हवं तसं गोड लागलं नाही. तो संचाच्या खोक्यात उरलेले तुकडे चाचपत राहिला आणि त्याच्या हाती ती वितळलेली भिंत आली. त्याने ती उजेडात धरली.

"हा तर आपल्या टपरीचा पत्रा! तू लाथ मारून पाडलेला पोचा पण हाय. मी तो कधी ठोकून काढला न्हाई." भिंत माझ्याकडे सरकवून म्हणाला, "लाव की."

सौदा चालून आला की मी सोडत नाही. "लावतो. पण गल्ल्यावर मी बसणार."

"बस बाबा, बस. फक्त गिऱ्हाइकावर ओरडू नको."

"ओरडणार!" मी ओरडलो, आणि नखाएवढा प्लास्टिकचा माणूस चिमट्यात धरून त्याचा सदरा रंगवायला घेतला. दादा गोंदाची बाटली घेऊन शेजारी बसला.