बुडाली म्हणणारा कालतापाऊ

आमच्या बेटावर समितीचं पत्र वाचण्याचा मान कालतापाऊचा होता. शनिवारी दुपारी राजधानीतून, पोर्ट विलाहून, पत्र आलं की तो वडाखाली उभा राहून शंख फुंकायचा. बायका मळ्यांतून यायच्या, पुरुष जाळी अर्धी टाकून यायचे. मी शाळेत शिकवायचो, आणि शेजारच्या गावांसाठी त्या पत्राच्या प्रती काढायचं काम माझ्याकडे होतं. पुढे जे झालं त्यात माझाही हात आहे, हे आधीच सांगून टाकतो.

तेव्हा आमच्यावर इंग्रज आणि फ्रेंच असे दोन साहेब एकदम राज्य करत होते. त्यांना घालवायला समिती उभी राहिली. पहिल्या पत्रात एकच सूचना होती: गोऱ्या माणसाला ‘मालक’ म्हणायचं नाही. दुसऱ्याच दिवशी कालतापाऊ नारळांच्या बागेच्या फाटकाशी गेला आणि गोऱ्या बागवाल्याला भर माणसांत नुसत्या नावानं हाक मारून म्हणाला, “काय लागार्द, बरं आहे ना?” बागवाला लालबुंद झाला. कालतापाऊ घरी आला तो घामानं ओलाचिंब.

“एका शब्दासाठी एवढा घाम?” त्याची बायको लेसाँग हसत सुटली.

“अगं, तीस वर्षं जिभेवर बसला होता तो!”

त्या दिवशी तो खरोखर मोकळा झाला होता. मी पाहिलंय त्याला.

मग सूचना वाढत गेल्या. ‘माझा मळा’ नाही, ‘आपला मळा’. ‘मला वाटतं’ नाही, ‘आपल्याला वाटतं’. ‘कदाचित’ म्हणायचं नाही, त्यानं शत्रूला बळ मिळतं. ‘भीती’ हा शब्द तर तोंडातच आणायचा नाही. आम्ही हसतखेळत शिकलो. लेसाँग नवऱ्याला म्हणायची, “आपलं डोकं दुखतंय, तेव्हा आज चूल आपणच पेटवा.” हे समितीचा सचिव मानासे याच्या कानावर गेलं. तिला वडाखाली उभं राहून चूक कबूल करावी लागली. तिनं ती हसतच कबूल केली, पण समोर कोणी हसलं नाही. त्यानंतर थट्टामस्करी घराच्या आत गेली. काही घरांत तिथूनही गेली, कारण तरुण मंडळातली मुलं कोण काय बोलतं ते लिहून ठेवायची. त्या मंडळाची प्रमुख लेविया, कालतापाऊची एकुलती एक मुलगी. एकोणीस वर्षांची.

एकोणऐंशी साली विलाला मोठी सभा ठरली. सकाळपासून वारा पिसाटला होता. समितीची नाव बारा माणसांची, आणि चढायला उभे सव्वीस. कालतापाऊ किनाऱ्यावर मानासेला म्हणाला, “कदाचित उद्या...”

“काय म्हणालास?” मानासेनं विचारलं.

सगळे त्याच्याकडे बघत होते. लेवियाही. कालतापाऊनं तोंड मिटलं आणि तो नावेत चढला. त्याच्या मागोमाग लेसाँग चढली.

खडकांच्या रांगेपलीकडे गेल्यावर नाव उलटली. लोकांनी होड्या घालून एकवीस जणांना वाचवलं. पाच जण गेले. लेसाँगचा हात कालतापाऊच्या हातात होता, मग नव्हता.

शनिवारी पत्र आलं. “आपल्या पाच जणांनी स्वतःला स्वातंत्र्याला वाहिलं. आपण रडत नाही, आपण गातो.” शोकाची जेवणं रद्द, शंभर दिवस दाढी वाढवणं रद्द. मी शाळेतल्या छपाईयंत्रावर प्रती काढल्या. आख्ख्या पत्रात नाव नव्हती, वारा नव्हता, पाणी नव्हतं. हे माझ्या ध्यानात आलं होतं. मी हँडल फिरवत राहिलो.

कालतापाऊनं शंख फुंकला. पहिली ओळ वाचली आणि कागदाची घडी घातली.

“लेसाँग बुडाली,” तो म्हणाला. “बाराच्या नावेत आम्ही सव्वीस होतो. मला भीती वाटली होती. मी ते बोललो नाही. ती बुडाली.”

मागे कुठेतरी लेनासेई बसली होती. तिचा मुलगा तोमाही त्या पाचांतलाच. ती मान खाली घालून चटईची काडी मोडत राहिली. मानासेनं पुढे होऊन त्याच्या हातातून हलकेच शंख काढून घेतला आणि गोड आवाजात म्हणाला, “कालतापाऊ दमलाय. त्याला विश्रांती देऊ या.”

गावानं त्याला विश्रांती दिली. हुकूम असा कुणी काढला नाही. फक्त मासे वाटताना त्याचं घर राहून जायचं, आणि तो समोरून आला की माणसांना समुद्रात काहीतरी दिसायचं.

लेवियानं त्याच संध्याकाळी कपडे गोळा केले.

“आईनं स्वतःला दिलं, बाबा. तुम्ही तिला साधी मेलेली बाई करून टाकलंत.”

“साधीच होती गं ती,” तो म्हणाला. “आणि मेली.”

ती मंडळाच्या घरात राहायला गेली.

शोकाचे दिवस त्यानं एकट्यानं पाळले. दाढी वाढवली. दहाव्या दिवशी सुरण किसून, नारळाचं दूध घालून, पानांत बांधून तापल्या दगडांवर लापलाप भाजला, आख्ख्या आळीला पुरेल एवढा. दारात चटया अंथरल्या आणि बसून राहिला. माझं घर तिथून तिसरं. वास माझ्या ओसरीपर्यंत येत होता. बायको म्हणाली, “जाऊन या की.” मी वह्या तपासत बसलो. दुसऱ्या दिवशी त्यानं ते सगळं डुकरांना घातलं.

मानासे एकदा गेला होता त्याच्याकडे. “एवढंच म्हण, की दुःखाच्या भरात भलतं बोललो. शंख परत देतो.”

“दुःखाच्या भरातच बोललो,” कालतापाऊ म्हणाला. “पण भलतं नाही.”

पुढच्या जुलैत स्वातंत्र्य आलं. आमचा झेंडा चढला तेव्हा तो धुतलेला सदरा घालून मैदानात उभा होता. त्याच्या चहूकडे दोन-दोन हात जागा मोकळी. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. ते दुःखाचंच असेल असं नाही. स्वातंत्र्य त्यालाही हवंच होतं, आमच्याइतकंच.

समिती पांगली. मानासेला विलाला कचेरी मिळाली, लेवियालाही तिथेच नोकरी लागली. शब्दांची यादी कोणी रद्द केली नाही, ती हळूहळू विसरली गेली. कालतापाऊशी न बोलण्याची सवय मात्र राहिली. का बोलत नाही, हे नव्या सुनांना माहीतही नव्हतं.

खूप वर्षांनी, तो अंथरुणाला खिळल्यावर, मी एकदाचा त्याच्याकडे गेलो. माफी मागायची होती, पण मी हवापाण्याचंच बोलत बसलो. त्यानं स्वतःच विषय काढला.

“लेनासेई आली होती एकदा. झेंडा चढल्यावर दोन-तीन वर्षांनी. भर दुपारी.”

“कशाला?”

“अंगणात उभी राहून म्हणाली, ‘माझा तोमा ओरडला का रे?’ मी म्हटलं, ‘दोनदा. तुला हाक मारली त्यानं.’ मग सगळं विचारलंन. लाट कुठून आली, त्याच्या अंगात सदरा कुठला होता. मी सांगत गेलो. रडली, पोटभर रडली. तोवर एकदाही रडली नव्हती म्हणे.”

“मग?”

“मग डोळे पुसले आणि म्हणाली, ‘मी इथं आले होते, हे कोणाला सांगू नकोस.’”

आदल्या आठवड्यातच आम्ही लेनासेईला पुरून आलो होतो. कालतापाऊनं पाणी मागितलं. मी दिलं, आणि अंधार पडेपर्यंत तिथेच बसलो.