खोबऱ्याच्या वासाचं पिंप

दारूबंदी आली तेव्हा मुंबईतल्या गुदामांमधली रिकामी लाकडी पिंपं मातीमोल भावानं निघाली. आमच्या ह्यांनी दोन आणली, होडीवर प्यायचं पाणी ठेवायला. दोन्हींत एकाच जातीची विलायती वाइन होती म्हणे. मी ती गरम पाण्यानं घासली, उन्हात वाळवली, पाणी भरून ठेवलं. होडी परतली की एका पिंपातलं उरलेलं पाणी जरा तुरट लागे, एवढंच. दुसऱ्यातल्या पाण्याला मात्र चक्क खोबऱ्याचा वास!

माझं डोकंच फिरलं. वर्षभरापूर्वी ह्यांनी एकवीरेची शपथ घेऊन माडी सोडली होती. माडी माडाची, खोबरंही माडाचं, झालं. माडीला खोबऱ्याचा वास नसतो, हे काही मला सुचलं नाही. दुधानं तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. मी पाणी फुंकत होते.

"होडीवर माडी नेता ना?"

"न्हाय गो. आईची आन."

"मंग पान्याला वास कुठनं आला?"

हे शेजारच्या म्हाताऱ्याला घेऊन आले. त्याचा जन्म गोऱ्यांच्या बोटींवर पिंपं दुरुस्त करण्यात गेला होता. त्यानं फळ्यांवरून बोट फिरवलं.

"दोनी ओकच हाय, विलायती झाडाचं लाकूड. यो फ्रान्सचा. रेघा बग कशा दाट, हलूहलू वाढलेला. आन यो अमेरिकेचा. त्याच्या लाकडालाच खोबऱ्याचा वास."

अमेरिकेत खोबरं! हा म्हातारा म्हणजे ह्यांचा माडीचा जुना सोबती. चोर चोर मावसभाऊ, दुसरं काय!

मी दोघांनाही अंगणात घालवलं. त्या पिंपाच्या बाहेरच्या अंगाची, जिथे दारू कधी पोचलीच नसेल, अशी एक ढलपी कोयत्यानं काढली आणि चुलीतल्या निखाऱ्यावर धरली. खोबरं भाजायला घेतल्यासारखा वास सुटला. दुसऱ्या पिंपाची ढलपी धरून पाहिली, तर नुसता धूर आणि लवंगेचा भास.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण "चुकलं" म्हणायला जीभ वळली नाही. ह्यांच्या ताटात कालवणातली मोठी तुकडी तेवढी वाढली. ह्यांनी ती काटे चोखून खाल्ली.

त्यानंतर होडी किनाऱ्याला लागली की हे आधी माझ्यापुढे येऊन तोंड उघडायचे. "घे, वास घे." मासळी घ्यायला आलेल्या बायका हसायच्या. मीही हसायचे, "पुरे झाली मस्करी" म्हणायचे. पण वास घेतल्याशिवाय मी एकदाही बाजूला झाले नाही.