कडू लागला, म्हणून बैल सोडले

परवा जळोचीत आमच्या शेजारणीला अंगणात पायाला साप चावला. तिच्या मुलांनी सापाचा फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि चर्चा सुरू झाली... बिनविषारी कवड्या की विषारी मण्यार?

मी ओरडले, "फोटो राहू दे, आधी गाडी काढ!" जरा जास्तच ओरडले. त्यामागचं कारण पन्नासच्या दशकातलं आहे.

मी तेव्हा शाळेत होते. माझी धाकटी आत्या, सोना, इंदापुराहून पंचमीला माहेरी आली होती. पंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हशीला वैरण काढायला गेली आणि कडब्याच्या पेंढीखालून काळा, पांढऱ्या पट्ट्यांचा साप निघाला. "मुंगी डसल्यावानी झालं," एवढंच ती म्हणाली.

शेजारच्या तात्यांनी साप काठीनं ठेचला. बोट मेंदीनं लालभडक, त्यावर दाताची खूण दिसेना... आजोबांनी, म्हणजे आबांनी, बारामतीच्या दवाखान्यात न्यायला बैल जुंपले. आत्या गाडीत चढलीसुद्धा.

तेवढ्यात तात्या म्हणाले, "आबा, आधी लिंबाचा पाला तर चारा." आमच्याकडे तीच परीक्षा. विष चढलं असेल तर कडुलिंब गोड लागतो, कडू लागला तर साप बिनविषारी.

आत्यानं पाला तोंडात टाकला आणि थू करून थुंकली. "कडूजहर हाय की! तुमीच खाऊन बघा, तात्या!"

सगळे हसले. तात्यांनी निकाल दिला, "कवड्याच हाय. उतर खाली." आत्या उतरली. आबांनी बैल सोडले.

जेवणवेळेला तिच्या पोटात कळा आल्या. रिकाम्या पोटी पाला खाल्ला म्हणून असेल, असं ठरलं. मग पापण्या जड झाल्या, जीभ अडखळू लागली... तात्या म्हणाले, "इंदापूरची हवा लयच नाजूक बाबा! एका कवड्यानं झोपली व्हय गं?" ती हसायला गेली, पण ओठ हलले नाहीत.

मग कुणी हसलं नाही. बैल पुन्हा जुंपले... दवाखाना येण्याआधीच, वाटेत, आत्याचा श्वास थांबला.

तिथे सापावरची लस होती का? सकाळीच नेलं असतं तर वाचली असती का? आमच्या घरात हे कुणी कधी विचारलं नाही. विचारायची छाती झाली नाही.

पुढे कॉलेजात प्रयोगशाळेच्या बरणीत मण्यार पाहिली. पट्टे जोडीजोडीनं, शेपटीकडे ठळक होत गेलेले. कवड्याचे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होतात. मण्यारीचा दंश दुखत नाही, सुजत नाही, हेही तिथेच कळलं... आणि कडुलिंब? तो कडूच लागतो. विष असो, नसो.

आबांना हे सांगायची वेळच आली नाही. त्यांनी पुन्हा कुणाला पाला चारला नाही. वस्तीवर कुणाला काहीही चावलं की ते आधी गाडी जुंपत. एकाला तर धामण चावली होती, साऱ्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. तरी आबांनी त्याला गाडीत घातलं. लोक हसले, "आबा, धामण हाय ओ, धामण!"

आबा कासरा हातात घेत म्हणाले, "आसंल. कंचा साप, ते बारामतीत ठरवू."

परवाचा साप कवड्याच निघाला. शेजारीण घरी परतली आणि "उगाच धावपळ केलीत, आजी," म्हणाली. म्हणू दे... सोनाआत्यासाठी ही उगाचची धावपळ कुणी केली असती तर!