शेवटचे दोन रकाने

माझी पहिली नोकरी शनिवार पेठेत होती, एका भांड्यांच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर. माझ्या वर्गातली बहुतेक मुलं तेव्हा कंपनीच्या बसने हिंजवडीला जाऊ लागली होती. मी दोन कंपन्यांच्या ग्रुप डिस्कशनमध्ये बसले आणि दोन्हीकडे शेवटपर्यंत एक वाक्यही बोलले नाही. त्यामुळे मी खडकीहून बस धरून पेठेत येऊ लागले. ऑफिसात सर आणि मी, दोघंच.

सरांचा पूर्वी छापखाना होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, दुकानांची पत्रकं असली कामं. घरोघरी कॉम्प्युटर आले तसा तो चालेना, तेव्हा त्याच जागेत त्यांनी दोन कॉम्प्युटर मांडले आणि वेबसाइट करून द्यायला सुरुवात केली. छपाईचं यंत्र गेलं, पण सवयी राहिल्या. पान तयार झालं की सर त्याचा प्रिंट काढायचे आणि स्टीलच्या पट्टीने समास मोजायचे.

"डावीकडे दोन सूत जास्त आहे," ते म्हणायचे.

स्क्रीनवर असं मोजता येत नाही, प्रत्येकाचा स्क्रीन वेगळा असतो, हे मी एकदा सांगून पाहिलं.

"म्हणजे पत्रिका ज्याच्या घरी जाईल तशी दिसते म्हणायची," सर म्हणाले. "वधू तरी तीच राहते ना?"

मी इंग्रजी शाळेत शिकलेली. घरी आम्ही मराठीच बोलायचो, पण पेठेतल्या मराठीला एक धार होती आणि तिच्यासमोर मी गप्प बसायचे. गप्प बसण्याचं दुसरंही कारण होतं. नाव विचारलं की मी पहिलं नाव सांगून थांबायचे. समोरचा माणूस आडनावाची थोडी वाट बघायचा. मीही बघायचे. मग तो विषय बदलायचा. सरांकडे माझा अर्ज होता, त्यांना सगळं माहीत होतं, पण त्यांनी तो विषय कधीच काढला नाही.

टचचे फोन तेव्हा नुकतेच परवडण्यासारखे झाले होते. बाबा खडकीच्या कारखान्यात होते. त्यांनीही एक घेतला आणि ते संध्याकाळी क्वार्टरच्या पायरीवर बसून त्यावर बातम्या वाचायचे. पान मोठ्या स्क्रीनसाठी केलेलं, म्हणून अक्षर मोठं केलं की ओळ स्क्रीनबाहेर जायची. मग ते बोटाने पान डावीकडे ढकलत ओळ संपवायचे, आणि पुढच्या ओळीसाठी परत उजवीकडे आणायचे. कंटाळायचे नाहीत. मला मात्र ते बघवायचं नाही. पान असं करायचं की रुंदी कमी झाली की मजकूर आपोआप खाली वळेल, हे मी ऑफिसात रिकाम्या वेळी स्वतःच शिकले.

मग लोणी काळभोरच्या बाजूच्या एका कॉलेजचं काम आलं. प्रवेशाचे दिवस जवळ आले होते. त्यांना माहिती आणि गुणवत्ता यादी वेबसाइटवर हवी होती. मी सरांना म्हटलं, हे फोनवर नीट दिसायला हवं.

"मोबाईलवर साइट कोण बघतं? मोबाईलवरून लोक फोन करतात."

"गावाकडे कॉम्प्युटर नसतो सर. फोन असतो."

एवढं बोलायलाही मला सकाळपासून तयारी करावी लागली होती. सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "करा. पण वरच्या पट्ट्याला हात लावायचा नाही."

वरचा पट्टा म्हणजे कॉलेजचं नाव, पत्ता आणि फोन नंबर यांचं एक अखंड चित्र. मराठी अक्षरं दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर फुटतात, या जुन्या अनुभवावर सरांचा तो उपाय होता. फोनवर त्या चित्रातली अक्षरं मुंगीएवढी व्हायची. पानाच्या तळाशी "निर्मिती" म्हणून आमच्या ऑफिसचा नंबर मात्र साध्या अक्षरांत होता. फोनवर तेवढा एकच नंबर वाचता यायचा आणि दाबलाही जायचा. त्यामुळे पान सुरू झालं त्या दिवसापासून कॉलेजचे सगळे फोन आमच्याकडे येऊ लागले.

"कॉलेज इथे नाही," सर सांगायचे. "इथे फक्त कॉलेजचं चित्र मिळतं."

गुणवत्ता यादीत सहा रकाने होते: अनुक्रमांक, अर्ज क्रमांक, नाव, गुण, प्रवर्ग, शेरा. फोनच्या रुंदीत सहा बसत नव्हते. कॉलेजने नमुन्याची म्हणून गेल्या वर्षीची यादी पाठवली होती, तिच्यात शेऱ्याचा रकाना अगदी रिकामा होता. मी एक ओळ लिहिली: स्क्रीन एवढ्याहून अरुंद असेल तर शेवटचे दोन रकाने दाखवू नका. यादी सुटसुटीत झाली. मी ती बाबांच्या फोनवर पाहिली, आणि मला बरं वाटलं.

जागा नव्हती हे खरं होतं. पण दुसरंही एक खरं होतं. माझ्या स्वतःच्या प्रवेशाच्या वेळी यादी काचेच्या फळ्यावर लावली होती. शेजारी उभ्या असलेल्या मुलीने माझं नाव शोधून दिलं, नावावर बोट ठेवलं, आणि मग ते बोट त्याच ओळीवरून हळूहळू उजवीकडे सरकत गेलं. प्रवर्गापाशी थांबलं. "अच्छा," ती म्हणाली. तिच्या आवाजात काही वाईट नव्हतं. नंतर आम्ही तीन वर्षं एका बाकावर बसलो. तरी तो रकाना म्हटला की मला ते बोट आठवायचं. फोन तर हातोहात फिरतो. निदान त्यावर तरी हे नको, असं मला वाटलं होतं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

यादी सोमवारी लागली. गुरुवारी दुपारी बाराच्या सुमारास सर बँकेत गेले असताना फोन वाजला आणि मला तो घ्यावा लागला.

"मॅडम, कॉलेज कधी चालू व्हायचं?" मुलीचा आवाज होता. "माझं नाव हाय यादीत."

मी तिला अर्ज क्रमांक विचारला आणि समोरच्या मोठ्या स्क्रीनवर तिची ओळ शोधली. या वर्षी शेऱ्याचा रकाना रिकामा नव्हता. तिच्या ओळीत लिहिलं होतं: जात पडताळणी प्रमाणपत्र जमा नाही. गुरुवार सायंकाळी पाचपर्यंत न दिल्यास प्रवेश रद्द.

मी तिला ते वाचून दाखवलं.

"आसं कुठं लिहिलंय? मी चार दिस झालं बघतीय. नाव हाय, मार्क हायत. पुढं काहीच नाय."

"दाखला आहे का तुमच्याकडे?"

"हाय की. परवाच मिळाला. पेटीत ठेवलाय." मग तिचा आवाज बारीक झाला. "मॅडम, आज गुरुवारच हाय ना?"

ती उरुळीच्या पुढच्या एका गावातून बोलत होती. पुढची एस्टी दोनला होती. मी तिला मिळेल त्या गाडीने निघायला सांगितलं, आणि कॉलेजात प्रवेशाचं टेबल कुठे आहे तेही सांगितलं. फोन ठेवल्यावर मी यादी वरपासून खालपर्यंत वाचली. असा शेरा आणखी दोन नावांपुढे होता.

सर आले तेव्हा मी उभी राहिले. काय झालं ते सांगितलं. त्यांनी माझ्याकडून बाबांचा फोन घेतला, त्या दिवसांत तो मी पानं तपासायला ऑफिसात आणायचे. यादी उघडली, ड्रॉवरमधून पट्टी काढली आणि फोनच्या काचेवर ठेवली.

"दोन रकाने का काढले?"

"जागा नव्हती."

"नाव आणि गुण यांच्यामध्ये तीन सूत मोकळं आहे. अनुक्रमांकाची गरज नव्हती, तो ठेवलात." त्यांनी पट्टी उचलली. "मी चाळीस वर्षं जागा बसवतोय. जागा नसली की माणूस आधी फालतू ते काढतो. तुम्ही उजवीकडचं काढलं. का?"

खाली दुकानात कुणीतरी पातेल्यावर नाव घालून घेत होतं, त्याचा टकटक आवाज येत होता.

"प्रवर्ग दिसू नये असं मला वाटलं," मी म्हणाले. "शेरा त्याच्या शेजारी होता, म्हणून गेला."

सरांनी फोन मला परत दिला. मग म्हणाले, "वाटलं ते वाटलं. त्यावर मी काही बोलणार नाही. पण बाई, तिची बस दोनची आहे."

त्यांनी कॉलेजच्या प्रवेश विभागातल्या बाईंना फोन लावला. "चूक आमच्याकडून झाली आहे," ते म्हणाले. "फोनवर शेरा दिसत नव्हता. मुलगी निघाली आहे." पलीकडून बाई बराच वेळ बोलल्या. सरांनी फोन माझ्याकडे दिला.

"पाच म्हणजे पाच," बाई मला म्हणाल्या. "पाचला मी यादी पुढे पाठवते, मग माझ्या हातात काही नसतं. आणि अहो, तुम्ही प्रवर्गसुद्धा काढलाय? मुलं आधी तेच बघायला येतात. चुकीच्या प्रवर्गात पडलं नाव, तर जागाच जाते. कोणी सांगितलं तुम्हाला काढायला?"

"कुणी नाही," मी म्हणाले.

उरलेल्या दोघांचे नंबर बाईंनी दिले. एकाने दुसरीकडे प्रवेश घेतला होता. दुसऱ्याचा फोन मी पाचपर्यंत लावत राहिले, तो कुणी उचलला नाही. त्याचं पुढे काय झालं ते मला अजूनही माहीत नाही.

मधल्या वेळात मी पान पुन्हा बांधलं. अरुंद स्क्रीनवर आता रकाने नव्हतेच. एकेका उमेदवाराची एकेक चौकट, आणि तिच्यात सगळं एकाखाली एक. शेरा असला तर तो सगळ्यात वर, नावाच्याही आधी. अनुक्रमांक मी काढून टाकला. प्रवर्गाची ओळ लिहिताना हात थोडा थांबला. मग लिहिली. सरांनी आपणहून वरच्या पट्ट्यातला फोन नंबर चित्रातून काढून साध्या अक्षरांत टाकायला सांगितला.

पाच वाजून गेले. सर घरी जायला उठले नाहीत, त्यांनी कुठलंतरी जुनं पत्रक काढून त्याचा समास मोजायला घेतला. सव्वापाचला फोन वाजला. मीच घेतला.

"झालं मॅडम," ती म्हणाली. तिला धाप लागली होती. "एस्टी लई उशिरा आली. पावणेपाचला पोचले. बाईंनी शिक्का मारला." मग म्हणाली, "आता फोनवर दिसतंय. वरच लिहिलंय, जमा नाही म्हणून. ते काढा की. झालं ना जमा."

कॉलेजकडून नवी यादी आली की निघेल, असं मी सांगितलं.

"बरं. तुमचं नाव काय? घरी सांगाया पायजे, कुणी फोनवर सांगितलं ते."

मी पहिलं नाव सांगितलं. ती थांबली. पेठेत थांबतात तसंच, किंवा नुसती श्वास घेत असेल. सर पट्टीवर वाकलेले होते.

मी आडनावही सांगितलं.

"हां," ती म्हणाली. "आमच्याकडं बी हायत." आणि एस्टी लागली म्हणून तिने फोन ठेवला.