दारात जोडे कुणाचे?

मंडळी, आज दुपारचीच गोष्ट. डोकं अजून तापलेलं आहे.

दसऱ्याला आमचे हे फौजेबरोबर स्वारीवर गेले. तेव्हापासून मी पुण्यात परवडेल अशी भाड्याची खोली शोधतेय. आज सदाशिव पेठेत एक सापडली. अंधारी, पण आमच्या ऐपतीतली, आणि पाण्याचा हौद जवळ.

मालकांनी विचारलं, "यजमान कुठे असतात?"

"स्वारीवर."

"मग ते परतले की या. एकट्या बाईला आम्ही खोली देत नाही."

मी जागची हलले नाही. "अहो, निम्मी फौज बाहेर आहे. तोवर त्यांच्या बायकांनी झाडाखाली राहायचं का?"

ते जरा नरमले. "बरं, राहा. पण दारात पुरुषाचे जोडे ठेवा. घरात पुरुष आहे असं लोकांना वाटलं पाहिजे."

"त्यांचे जोडे त्यांच्या पायात आहेत," मी म्हटलं. स्वतःच्या वहाणा दारात काढल्या आणि आत जाऊन चूल मांडली. मालक पुटपुटत निघून गेले.

आता जाणारे-येणारे त्या वहाणांकडे बघतायत. बघू देत.

तुमच्यातली कुणी एकटी खोली शोधतेय का? शेजारची रिकामी आहे. या, आणि स्वतःच्याच वहाणा घालून या.